ओंटारियोच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: प्रीमियम घेता, मग कार्ड का अडवता?

माननीय आरोग्यमंत्री,
ओंटारियो प्रांत, कॅनडा

महोदया,

सविनय नमस्कार. आपल्यामागे कामाचा किती व्याप असेल याची कल्पना आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

या आठवड्यात माझ्या हातात दोन कागद एकदमच पडले. पहिला माझ्या टॅक्स रिटर्नचा, अकाउंटंटने भरून सहीसाठी पाठवलेला. त्यातल्या ओंटारियोच्या फॉर्मवर ‘ओंटारियो हेल्थ प्रीमियम’ अशी एक ओळ आहे आणि तिच्यापुढे ३०० डॉलर लिहिले आहेत. दुसरा कागद वसुली कंपनीचा. पित्ताशयाच्या ऑपरेशनचे अठरा हजार डॉलरांच्या वरचे बिल माझ्याकडे थकले आहे आणि महिनाअखेरपर्यंत पैसे भरले नाहीत तर पुढची कारवाई होईल, असे त्यात लिहिले आहे. मी आजारी पडले तेव्हा माझ्याकडे ओहिपचे, म्हणजे प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचे, कार्ड नव्हते; या प्रांताच्या लेखी मी कुणीच नव्हते. प्रीमियम घ्यायच्या वेळी मात्र मी इथली रहिवासी ठरले.

मी ब्रॅम्प्टनमध्ये राहते. लग्न करून नाशिकहून इथे आले. नवरा इथला पर्मनंट रेसिडेंट (पीआर), म्हणजे कायमचा रहिवासी आहे. त्याने मला स्पॉन्सर केले आहे आणि माझा पीआरचा अर्ज केंद्र सरकारकडे आहे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम करता यावे म्हणून त्याच सरकारने मला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करण्याचा परवाना दिला. मी सकाळी एका डे-केअरमध्ये मुले सांभाळते आणि संध्याकाळी एका वेअरहाऊसमध्ये पार्सले लावते. हेच सगळे मी आपल्या कार्यालयाला इंग्रजीत लिहून कळवले होते. ‘आपला संदेश मिळाला, संबंधित विभाग लवकरच आपल्याशी संपर्क साधेल’ असे उत्तर आले. संपर्क कुणीही साधला नाही. म्हणून आता मराठीत, चारचौघांसमोर लिहिते आहे. मिसिसागापासून स्कारबरोपर्यंत माझ्यासारख्या लग्न करून आलेल्या आणि पीआरची वाट बघत बसलेल्या कितीतरी मुली आहेत. निदान त्यांना तरी कळू दे की इथे आल्यावर आपण नेमके कुठे उभे असतो.

आपल्या प्रांताचा नियम मी आता पाठ केला आहे. ‘रेग्युलेशन ५५२’ असे त्याचे नाव. ओहिपचे कार्ड कुणाला मिळेल त्याची यादी त्यात आहे. वर्क परमिटवर असलेल्या माणसाला कार्ड हवे असेल तर एका मालकाचे पत्र लागते, की हा माणूस माझ्याकडे पूर्णवेळ काम करतो आणि सलग सहा महिने तरी करणार आहे. माझ्याकडे दोन मालकांची दोन पत्रे होती. दोन्हीकडचे तास मिळवले तर आठवड्याचे चाळीस भरतात. खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही पत्रे परत केली, कारण पूर्णवेळ असे एकावरही लिहिलेले नव्हते. आजकाल नव्याने आलेल्या माणसाला पूर्णवेळ नोकरी कोण देतो, मंत्रिमहोदया? अर्धवेळ ठेवले की बहुतेक मालक विम्यासारखे फायदे देत नाहीत. मालकाने स्वतःच्या फायद्यासाठी तास तोडले आणि त्याची शिक्षा तुमच्या नियमाने मला दिली.

दुसरा रस्ता पीआरच्या अर्जाचा. अर्ज मंजूर झालेला नसला तरी कार्ड मिळते, हे खरे आहे. पण त्यासाठी तुम्ही पीआरच्या निकषांत बसता असे केंद्राने लेखी कळवलेले असावे लागते. अर्ज मिळाल्याची पोच चालत नाही. माझ्याकडे पोच आहे, पात्रतेचे पत्र नाही. ते कधी येईल हे ओटावातले केंद्र सरकार सांगत नाही, आणि ते येईपर्यंत मी काय करायचे हे टोरांटोतले प्रांत सरकार सांगत नाही.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट सांगते. माझा नवरा आज पर्मनंट रेसिडेंट नसता, नुसता तात्पुरत्या वर्क परमिटवर पूर्णवेळ नोकरी करत असता, तर त्याची बायको म्हणून याच नियमाने मला कार्ड मिळाले असते. तो इथला कायमचा झाला, आणि त्यामुळेच माझा तो हक्क गेला. दोन वर्षे काम करून परत जाणाऱ्या माणसाच्या बायकोला विमा आहे आणि इथेच जन्म काढायला आलेल्या बाईला नाही, हे कुठल्या तर्कात बसते ते मला कुणीतरी समजावून सांगावे. मी अनेकांना विचारले. वकिलाला विचारले, समुदाय केंद्रातल्या ताईंना विचारले. सगळे म्हणतात, नियम तसा आहे.

मला काही खासगी विमा काढायचा सुचला नव्हता असे नाही. आल्या आल्या काढला होता, दर महिन्याला पैसे भरत होते. नाशिकला दोन वर्षांपूर्वी एका सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे दिसले होते. कसलाच त्रास नव्हता, डॉक्टर म्हणाले होते की त्रास झाला तरच बघू. विमा कंपनीने तो जुना रिपोर्ट मागवून घेतला आणि आजार आधीपासूनचा आहे म्हणून दावा फेटाळला. आमच्यासाठी बाजारात जे विमे मिळतात ते बहुतेक असेच असतात. आधीचा आजार नाही, बाळंतपण बहुतेकांत नाही, नेहमीची तपासणी नाही. मग उरले काय?

पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा मी दवाखान्यात गेले नाही, हे इथे मुद्दाम लिहिते. वॉक-इन क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या फीचे पैसे वेगळे, रक्ततपासणीचे वेगळे, सोनोग्राफीचे वेगळे, सगळे रोख. सासूबाई फोनवर ओव्याचे पाणी घ्यायला सांगत होत्या, ते घेतले. दुखण्याच्या गोळ्या खाऊन वेअरहाऊसची पाळी केली. रात्री जेवण बंद केले, कारण जेवले की कळ यायची. तुमच्या कायद्याप्रमाणे कुणाचा जीव धोक्यात असेल तर सरकारी मदतीवर चालणाऱ्या हॉस्पिटलला त्याला नाकारता येत नाही. चांगला कायदा आहे. पण माझ्यासारखीला त्याचा अर्थ एवढाच, की जीव धोक्यात येईपर्यंत घरी बसायचे. शेवटी ताप भरला, थंडी वाजून आली, उलटी थांबेना, तेव्हा नवऱ्याने उचलून गाडीत घातले. पिशवीत पू झाला होता. हेच ऑपरेशन वेळेवर झाले असते तर दुर्बिणीने होऊन संध्याकाळी घरी आले असते. उशीर झाल्यामुळे दिवसच्या दिवस तिथे पडून राहिले, शिरेतून अँटिबायोटिक घेत.

डॉक्टर आणि नर्स यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्या माणसांनी मला वाचवले. पण सलाईन चालू असताना बिलिंगवाली व्यक्ती फॉर्म घेऊन माझ्या खाटेपाशी आली आणि क्रेडिट कार्ड मागू लागली. नवऱ्याकडच्या दोन्ही कार्डांची मर्यादा तिथेच संपली. त्यानंतर सर्जनचे बिल वेगळे आले, भूल देणाऱ्यांचे वेगळे, हॉस्पिटलचे वेगळे. टाके ओले असताना मी डे-केअरमध्ये परत गेले, कारण रजेचे पैसे नाहीत. मुलांना उचलू नका असे डॉक्टरांनी सांगितले होते. दीड वर्षाचे मूल रडत असताना त्याला न उचलता कसे सांभाळतात? माझ्या आईने नाशिकहून सोन्याच्या पाटल्या मोडून पैसे पाठवते म्हटले. कॅनडाला दिलेल्या मुलीसाठी आईने पाटल्या मोडायच्या, याची लाज मला वाटायला हवी की तुम्हाला?

नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलची अवस्था मला माहीत आहे, तिचे गोडवे गाणार नाही. तिथल्या रांगा, तिथली गर्दी मी पाहिलेली आहे. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. केसपेपर काढला की डॉक्टर बघतो. तुमचा प्रांत तर महाराष्ट्रापेक्षा कितीतरी पटींनी श्रीमंत आहे.

पैसे नाहीत असे म्हणू नका. हा हेल्थ प्रीमियम २००४ पासून चालू आहे. करपात्र उत्पन्न २०,००० डॉलरांच्या पुढे गेले की लागतो आणि वाढत वाढत ९०० डॉलरपर्यंत जातो. ३१ डिसेंबरला माणूस ओंटारियोचा रहिवासी असला की झाले. त्याच्याकडे कार्ड आहे का, हे कुणी विचारत नाही, आणि प्रीमियमचा ओहिपच्या नोंदणीशी संबंध नाही असे सरकारच सांगते. असा किती हजार लोकांकडून, किती लाख डॉलर पैसा तुम्ही घेतला असेल? तो आकडा कधी जाहीर केला आहे का? मी शोधला, मला सापडला नाही.

आणि करता येत नाही असेही म्हणू नका, कारण तुम्ही ते करून दाखवले आहे. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा ओंटारियोने नव्या रहिवाशांसाठीची तीन महिन्यांची थांबण्याची अट काढून टाकली. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांच्याही हॉस्पिटलच्या आणि डॉक्टरांच्या उपचारांचे पैसे प्रांत भरू लागला. तीन वर्षे ते चालले. आकाश कोसळले नाही, प्रांत बुडाला नाही. मग ३१ मार्च २०२३ ला कार्ड नसलेल्यांसाठीची ती सोय बंद केली. अनेक डॉक्टर, नर्स, सुईणी बंद करू नका म्हणून सांगत होत्या. आमच्या रोगाचा संसर्ग तुम्हाला होण्याची भीती होती तोवर आमच्यावर उपचार करणे गरजेचे होते. पित्ताशयाचा संसर्ग कुणाला होत नाही, म्हणून आम्हाला वाऱ्यावर सोडले. असा अर्थ मी काढते आणि तो चुकीचा असेल तर तुम्ही खुलासा करा.

हा देश आपल्या आरोग्यव्यवस्थेचा किती अभिमान बाळगतो! या सरकारी विम्याचे जनक मानले जाणारे टॉमी डग्लस यांचे नाव आम्हाला इथे आल्याबरोबर सांगितले जाते. सॅस्कॅचवान प्रांतात १९६२ साली डॉक्टरांचा संप सोसूनही सर्वांसाठीचा विमा सुरू झाला, ही गोष्ट सांगितली जाते. १९८४ चा कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट मी वाचला. रहिवासी कोण, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे: ज्याला कॅनडात राहण्याचा कायदेशीर हक्क आहे, ज्याचे घर त्या प्रांतात आहे आणि जो तिथे नेहमी राहतो. पर्यटक, वाटसरू आणि पाहुणा वगळून. मी यातली कोण? माझ्या नावावर भाड्याचा करार आहे, परमिट आहे, माझा टॅक्स कापला जातो. मी पर्यटक नाही आणि पाहुणीही नाही. केंद्राचा कायदा मला रहिवासी म्हणतो, आणि तुमचे रेग्युलेशन ५५२ म्हणते की थांब.

नेल टूसां या ग्रेनाडाहून आलेल्या बाईंना स्थलांतराचे कागद नाहीत म्हणून कॅनडाने उपचार नाकारले. त्या थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेल्या आणि २०१८ मध्ये समितीने सांगितले की कॅनडाने त्यांच्या जगण्याच्या हक्काचा भंग केला. त्यानंतर काय बदलले? त्यांच्याकडे कागद नव्हते. माझ्याकडे तर सगळे कागद आहेत, आणि तरीही माझी गत फारशी वेगळी झाली नाही.

ओटावाला लिहिले तर ते म्हणतात आरोग्य हा प्रांताचा विषय. प्रांताकडे गेले तर ते म्हणतात अर्जाला उशीर हा केंद्राचा विषय. इमिग्रेशनची जाहिरात करताना मात्र दोघेही एका व्यासपीठावर असतात. या, म्हणतात, आम्हाला तुमची गरज आहे. डे-केअरला, वृद्धाश्रमांना, वेअरहाऊसला हात हवेत. त्या हातांमागचे माणूस आजारीही पडते, हे बोलावताना कुणाच्याच ध्यानात येत नाही का? प्रांतात पंचवीस लाख लोकांना फॅमिली डॉक्टर नाही, असे २०२४ मध्ये फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेनेच सांगितले होते. हा तुटवडा आम्ही केला नाही. भारतातून आलेले कितीतरी डॉक्टर परवान्यासाठी खेटे घालत गाड्या चालवतात, तेही याच प्रांतात.

माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी आता सहा महिन्यांची गरोदर आहे. तिच्याकडेही कार्ड नाही. इथे मिडवाइफ, म्हणजे सुईणी, कार्ड नसलेल्या बाईचीही तपासणी मोफत करतात, आणि कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्येही असे रुग्ण घेतात, हे तिला कुणीच सांगितले नव्हते, मी सांगितले. ज्या मराठी बहिणी हे वाचत असतील त्यांनी हे लिहून ठेवा. पण बाळंतपण हॉस्पिटलमध्ये झाले तर हॉस्पिटलचे बिल येणारच. जन्मलेले बाळ कॅनडाचे नागरिक असेल, त्याला पहिल्या दिवसापासून कार्ड मिळेल. शेजारच्या खाटेवरच्या त्याच्या आईच्या हातात मात्र बिल असेल.

मला काय हवे आहे ते सांगते. रेग्युलेशन बदलायला विधानसभेत नवा कायदा करावा लागत नाही, तुमचे मंत्रिमंडळ ते करू शकते. ज्याच्याकडे पीआरच्या अर्जाची पोच आणि वैध परमिट आहे त्याला त्याच दिवशी कार्ड द्या. एका मालकाच्या पत्राची अट काढा आणि सगळीकडचे तास एकत्र मोजा. २०२३ मध्ये बंद केलेली सोय पुन्हा सुरू करा. आणि तोवर, ज्यांना तुम्ही कार्ड दिले नाही त्यांच्याकडून हेल्थ प्रीमियम घेणे थांबवा, घेतलेला परत करा. माझ्या ३०० डॉलरांनी बिल फिटणार नाही, तरी ते मला परत हवे आहेत.

या वेळी छापील उत्तर पाठवू नये. वसुली कंपनीला महिनाअखेरीस मी काय सांगू, तेवढे तरी आपल्या सहीनिशी लेखी कळवावे.

आपली,
ब्रॅम्प्टनमधली एक करदाती