ताईत आणि स्तोत्र 91

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

नागपूरहून येऊन आठ दिवस झाले. फोन रोज होतो, पण जे बोलायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले. बाबा, आईला वाचून दाखवा. आई, मधेच उठून स्वयंपाकघरात जाऊ नकोस.

त्या रविवारी उपासनेला निघताना तुझं बायबल पिशवीत ठेवायला घेतलं आणि कव्हरच्या खणातलं काहीतरी बोटाला लागलं. तांब्याचा ताईत, काळ्या दोऱ्यात ओवलेला. तसाच दुसरा बाबांच्या दंडावर, बनियनच्या बाहीखाली. मी त्याच्या तोंडाचं मेण नखानं खरवडलं. आत बोटभर कागदाची सुरळी निघाली. वर क्रूस, त्याखाली लाल शाईनं स्तोत्र 91 मधली एक ओळ, आणि तिच्याखाली नऊ घरांचा चौकोन, घराघरात आकडे. तू दारात उभी होतीस. म्हणालीस, "काहून अशी पाहून रायली? त्यात देवाचंच वचन आहे ना!"

ताईत पाहून मी चिडले, पण घाबरले ते बाबांच्या पार्किन्सनच्या गोळ्या पाहून. तीन पट्ट्या भरलेल्या, चौथीतल्या तीन गोळ्या तशाच. दिवसाला तीन, म्हणजे बरोबर 11 दिवस. "ताईत अंगात मुरेपर्यंत औषध नको," असं ताईत देणाऱ्या त्या माणसानं सांगितलं आणि तुम्ही दोघांनी ते ऐकलंत. बाबांना शर्टाचं बटण लावता येईना. दानाच्या वहीत त्यांची सही मुंगीएवढी झालेली मी पाहिली, आणि हेच बाबा फळ्यावर असं अक्षर काढायचे की शेवटच्या बाकावरचं पोरगंही वाचायचं. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य कमी पडत जातं, म्हणून हात थरथरतो, चाल आखडते, अक्षर बारीक होत जातं. गोळी ती उणीव भरून काढते. ती एकाएकी बंद केली तर अंग लाकडासारखं ताठरतं, प्रसंगी जिवावर बेततं. डॉक्टरांना विचारून आपण त्या पुन्हा सुरू केल्या, पण त्या 11 दिवसांचा विचार आला की अजूनही मला झोप लागत नाही.

बाबा, तुम्ही त्या रात्री अंगणात बसून विचारलंत, "पौलाच्या अंगावरचे रुमाल रोग्यांवर ठेवायचे आणि ते बरे व्हायचे, हे शास्त्रातच आहे. मग ताईत काय वेगळा?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुण्याला आल्यावर बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा 19 वा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. रुमालांची गोष्ट आहे 12 व्या वचनात. लगेच पुढे स्किवाचे सात मुलगे येतात. ते भूत काढण्यासाठी येशूचं नाव मंत्रासारखं वापरतात. अंगात आलेला तो माणूस म्हणतो, येशूला मी ओळखतो, पौलाला जाणतो, पण तुम्ही कोण? आणि त्यांना झोडपून उघडंनागडं पळवून लावतो. बाबा, नाव खरं होतं, वचन खरं होतं. त्यांनी त्याचा गंडादोरा केला, इतकंच.

मग येतं ते माझ्या मनात घर करून बसलेलं 19 वं वचन. इफिस शहरात जादूटोण्याच्या पोथ्या लोकांनी आणून सर्वांसमक्ष जाळल्या, किंमत मोजली तर 50,000 रुपये भरली. रुपये म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी. आजवर मला वाटायचं की हे बाहेरचे लोक. तसं नाही. आदल्याच वचनात म्हटलंय की विश्वास ठेवलेल्यांपैकी पुष्कळ जण येऊन आपली कृत्यं कबूल करू लागले. म्हणजे ते विश्वासणारेच होते, आणि पोथ्याही घरात होत्या. आपल्यासारखेच. विश्वास आणि ताईत दोन्ही एकत्र चालतं का, हा तुमचा प्रश्न पहिल्या शतकातही घरोघरी होता. उत्तर कुणी त्यांच्यावर लादलं नाही, त्यांनी आपणहून आणून दिलं.

मला जे समजलं ते सांगते. आपण रोज म्हणतो, "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." ताईत नेमका याच्या उलट बोलतो. तो म्हणतो, इतके आकडे, इतके पैसे, इतके दिवस, आता माझ्या मनासारखं झालंच पाहिजे. एकात आपण हात पसरतो, दुसऱ्यात देवाचा हात पिरगाळतो. कागदावर क्रूस काढला म्हणून यात फरक पडत नाही. मोशेनं देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा साप केला होता, साप चावलेले लोक त्याच्याकडे पाहून वाचले. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. मोशेच्या हातची वस्तू! त्यानं मागेपुढे पाहिलं नाही.

आणि हे फक्त त्या माणसापुरतं नाही, हेही कबूल करते. प्रार्थनेच्या सभांतून तेलाच्या बाटल्या विकताना मी पाहिल्या आहेत, छोटीची किंमत वेगळी, मोठीची वेगळी. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावायला सांगितलंय, पण मंडळीच्या वडिलांना घरी बोलावून, प्रार्थना करून. तिथे दर लिहिलेला नाही. शिमोन जादूगार देवाचं सामर्थ्य विकत घ्यायला पेत्राकडे पैसे घेऊन आला तेव्हा पेत्र काय म्हणाला, ते बाबांनीच मला लहानपणी पाठ करायला लावलं होतं.

आई, नातीनं तुला फोनवर दाखवलं होतं ना, परदेशात काही जणी स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात आणि चेटकीणही? ते पाहून तू म्हणालीस, "तिकडं चालतं, मग इकडं काय होते?" त्या मुली मेणबत्त्या लावतात, झाडपाल्याचे काढे करतात, चंद्राच्या कला पाहतात. इंग्लंडात 1735 चा चेटूकविरोधी कायदा 1951 साली रद्द झाला आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर नावाच्या माणसानं विक्का नावाचा पंथ उघडपणे मांडला, त्याचीच ही पोरंबाळं. त्यांच्याशीही माझं जमणार नाही, कारण बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात शकुन पाहणं, मंत्र घालणं, मेलेल्यांना विचारणं, सगळ्यालाच सरळ नकार आहे. पण त्यांचं चेटूक आणि आपल्याकडची करणी हे दोन वेगळे शब्द आहेत. तिकडे ती स्वतःला चेटकीण म्हणवते. आपल्याकडे दुसरा कुणीतरी बाईला चेटकीण ठरवतो, आणि मग तिचं गावात राहणं मुश्किल होतं.

तेच त्या ताईतवाल्यानं केलं, आई. तुला सांगितलं, "पांढऱ्या केसांची, एकटी, तुमच्या मागल्या दारातून जिचं दार दिसते ती." मागच्या गल्लीतल्या मावशींशिवाय असं आहे कोण? ज्यांनी तुझ्या पायाला प्लास्टर होतं तेव्हा महिनाभर डबा आणला, त्या मावशी. त्यांनी पाठवलेला गोळाभात तू कचऱ्यात टाकलास. त्यांची स्टीलची वाटी मागच्या भिंतीशी उपडी पडलेली मी पाहिली, वर हळदकुंकवाचा नाही, मिठाचा थर. त्या दिवशी त्या फाटकाशी आल्या, मला बघून हसल्या आणि आत न येताच गेल्या. त्यांना कळलंय, आई.

तू दृष्ट काढतेस, मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकतेस, ते आजीकडून आलेलं. मला पटत नाही, पण त्यावरून मी कधी भांडले नाही. तुझ्या हातांतली माया मला कळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मला खांद्यावर घेऊन बाबा काळी आणि पिवळी मारबत दाखवायला न्यायचे, आठवतं? "ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत!" सगळं नागपूर रस्त्यावर यायचं. तो आपला धर्म नव्हे, आपण फक्त बघायला जायचो. पण तिथेसुद्धा वेशीबाहेर नेतात तो पुतळा. शेजारीण नाही.

बाबा, एखादी व्यक्ती करणी करते असं भासवून तिचं जगणं कठीण करणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, चमत्काराच्या नावावर पैसे उकळणं हाही. 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी इथे पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या नागपूरच्या अधिवेशनात कायदा मंजूर झाला. प्रार्थनेला, उपासनेला तो हात लावत नाही. तक्रार करायची का, हे तुम्ही ठरवा. करायची असेल तर मी सोबत येईन. ताईतांपायी गेलेल्या 5,100 रुपयांचं मला काही नाही.

तुम्ही किती घाबरला होतात, हे मला कळतं. रात्री बाबा कुशीवर वळू शकत नाहीत आणि आई एकटी उठून त्यांना वळवते. फोनवर "सगळं ठीक" म्हणता आणि मी ते खरं मानते. तिथे माझं चुकलं. 1970 च्या 29 नोव्हेंबरला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा ख्रिस्ती मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हा स्वयंसेवकाचा बिल्ला लावून पाणी वाटत फिरणारे वीस वर्षांचे बाबा मी फोटोत पाहिलेत. तेवढ्या माणसांत वाढलेला माणूस आजारपणात एकटा पडला, म्हणून तो दार ठोठावणाऱ्या पहिल्या माणसाला आत घेऊन बसला. पाळकसाहेबांशी मी बोलले आहे. दर बुधवारी संध्याकाळी मंडळीतले दोघे-तिघे घरी येतील, प्रार्थना करतील, बाबांना अंगणात चालवतील.

पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं मी निघतेय, दहा दिवस राहीन. ताईत मी फेकले नाहीत, कपाटातल्या डब्यात आहेत. इफिसकरांसारखं तुमचं तुम्ही काय ते करा. गोळ्यांचा डबा बाबांच्या उशाशी ठेवा, सकाळ-दुपार-संध्याकाळ असे कप्पे केलेत, आणि गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी.

आई, ती वाटी राखेनं स्वच्छ घास. मी येईपर्यंत थांबू नकोस, तूच घेऊन जा मावशींकडे. रिकामी देऊ नकोस. त्यांना तुझी सांभारवडी आवडते.

तुमची,
लेक