परमँगनेटने बेंझिन जात नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पेट्रोल मुरलेल्या विहिरींवरची कालची बातमी वाचली. विषय घेतलात, आभार. पण ‘आधी परमँगनेट टाका, मग जिवाणूंचे कल्चर ओता, महिन्यात पाणी शुद्ध’ हा तोडगा सुचवला कुणी? जंतू मारायला परमँगनेट ठीक आहे. पेट्रोलमधल्या विषारी बेंझिनला ते जवळपास हातच लावत नाही. उलट त्यातून बनणारा मँगनीज डायऑक्साइडचा काळपट गाळ खडकाच्या भेगा बुजवतो आणि पुढचे औषध आत शिरतच नाही.

पेट्रोलसाठी सोडियम परसल्फेट हे बेंझिन जाळणारे (ऑक्सिडीकरण करणारे) रसायन वापरतात. तेही विहिरीत ओतायचे नसते. तरंगणारे पेट्रोल आधी उपसायचे, मग गळक्या टाकीच्या उताराकडे बोअर घेऊन दाबाने सोडायचे. किती सोडायचे, ते तिथलाच मुरूम प्रयोगशाळेत तपासून ठरते, कारण मुरमातला सेंद्रिय अंश आणि पाण्यातले बायकार्बोनेट त्यातले बरेच फुकट खातात.

जिवाणूंचे काम त्यानंतर. 1 किलो परसल्फेट संपले की सुमारे 800 ग्रॅम सल्फेट मागे राहते. सल्फेटवर जगणारे जिवाणू तेवढ्यावर साधारण 170 ग्रॅम बेंझिन पचवू शकतात. ते बहुधा तिथेच असतात, डबे विकत आणावे लागत नाहीत (कल्चर विकणाऱ्यांची क्षमा मागून). मात्र परसल्फेट पुरते संपल्याशिवाय ते डोके वर काढत नाहीत, आणि मध्येच कुणी उत्साहाने हवा सोडली तर पुन्हा थंडावतात, कारण त्यांना ऑक्सिजन सोसत नाही. शिवाय हवेने संपृक्त पाण्यात ऑक्सिजन असतो लिटरला 8 मिलिग्रॅम. त्यात 3 मिलिग्रॅमही पेट्रोल पचत नाही.

महिन्यात बेंझिनचा आकडा खाली येतोही. पावसाळ्यात पातळी चढली की खडकाला चिकटलेले पेट्रोल परत विरघळते आणि आकडा परत वर! निदान एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत दर तिमाहीला तपासणी हवी. तोवर ते पाणी पिण्याचे नाहीच. सल्फेटच लिटरला 400 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडून बसलेले असते.

फोटोत नमुना घेणारे गृहस्थ मिनरल वॉटरची रिकामी बाटली अर्धी भरताना दिसतात. वा! वरच्या रिकाम्या जागेत बेंझिन उडून जाते, अहवाल छान येतो. काचेची 40 मिलिलिटरची कुपी बुडबुडा न ठेवता भरतात, बर्फात ठेवतात. परसल्फेट उरले असेल तर ते मारायला ॲस्कॉर्बिक ॲसिडही (क जीवनसत्त्व) घालतात, नाहीतर परसल्फेट कुपीतही बेंझिन खात राहते.

आणि जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, आपण छापल्याप्रमाणे 10 मिलिग्रॅम नव्हे. हजारपट फरक आहे. एवढी दुरुस्ती तरी उद्याच छापावी, त्या गावातले लोक आपला अंक वाचतात.

— एक भूजल अभियंता, नाशिक