भांगेत वेळ थांबतो का?

ओंकार,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, भांगेत वेळ खरंच थांबतो का गं?" आणि मी "अभ्यास कर" म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध होतं हे खरं. पण उत्तर मला पुस्तकातून माहीत नव्हतं, म्हणून जास्त घाबरले.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी नाशिकला रंगपंचमीची थंडाई प्यायले. पाऊण तास झाला तरी काहीच होईना, म्हणून दुसरा ग्लास घेतला. तिथेच फसले. गांजा ओढला की मिनिटांत चढतो. भांग पोटातून, यकृतातून फिरून येते, तिला तास-दोन तास लागतात, आणि यकृतात तिचं जे रूप तयार होतं ते अधिक जोरकस. मोरीत नळ सोडून हात धुवत होते. वाटलं, अर्धा तास तरी झाला असेल. खाली बघितलं तर बादलीचा तळही झाकला नव्हता. मैत्रिणी खिदळत होत्या आणि मला खात्री होती की हे आता जन्मभर असंच राहणार. तुझ्या बाबांनाही हे अजून माहीत नाही.

दारूचं वेगळं. ती उत्साह आणते असं लोक म्हणतात; खरं तर ती आधी मेंदूचे ब्रेक ढिले करते, म्हणून बुजरा माणूस नाचायला लागतो. मग तोल जातो, जीभ जड होते. झोप लागते, पण ती कच्ची. पार्टीत मिळणाऱ्या त्या एमडीएमएच्या गोळ्या सेरोटोनिनचा, म्हणजे मेंदूतल्या मूड सांभाळणाऱ्या रसायनाचा, साठा एकदम उधळतात. परका माणूसही सख्खा वाटतो, आणि दोन दिवसांनी उगाच रडू येतं.

एलएसडीचं, म्हणजे भास घडवणाऱ्या त्या रसायनाचं, तर सुरुवातीपासूनच विचित्र. 1943 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञानं ते स्वतःवर करून पाहिलं. घेतलं किती, तर एका मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा. सायकलवरून कसाबसा घरी आला. शेजारीण दूध घेऊन आली, तर ती त्याला चेटकीण दिसली. डॉक्टरांना मात्र विस्फारलेल्या बाहुल्यांपलीकडे काही सापडलं नाही. तरी आपण काहीतरी घेतलंय, हे त्याला बरंचसं कळत होतं.

धोतऱ्यात तेही कळत नाही. कॅज्युअल्टीत एक माणूस आणला होता, तोंड कोरडं ठणठणीत, बाहुल्या मोठ्ठ्या. खाटेवर बसून दोन बोटांत नसलेली बिडी धरून झुरके मारत होता, आणि माझ्या ट्रेमध्ये राख झटकत होता. मी "बिडी कुठाय?" विचारलं, तर वैतागून म्हणाला, "ही काय!" सकाळी त्याला काहीच आठवेना. गांजा, गोळ्या यांपेक्षा मला हे फुकटचं झाडच जास्त भिववतं.

बरं, कामाचं. कुणी जास्त घेऊन निपचित पडला तर कुशीवर झोपव, एकटं सोडू नकोस, आणि श्वास संथ वाटला तर 108 ला फोन कर. दारूवर झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील तर वाटच बघू नकोस, श्वासच मंदावतो. डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगा. पोरं पोलिसांच्या धाकानं "बाहेरचं खाल्लं" म्हणतात आणि आम्ही तासभर अन्नविषबाधा शोधत बसतो.

शनिवारपर्यंत माझी नाईट आहे. दोन-तीनला केलास तरी उचलीन.

आई