सूचना: ट्रस्टी घरचाच असेल तर

सभासदहो, अमेरिकेत स्पेशल नीड्स ट्रस्टचा (अपंग व्यक्तीसाठी पैसे राखून ठेवणाऱ्या न्यासाचा) कारभार घरचंच कुणी पाहत असेल, तर लाभार्थीच्या हातात रोख रक्कम देऊ नका. ती उत्पन्न धरली जाऊन एसएसआयचा (कमी उत्पन्नाच्या अपंग व वृद्धांना सरकारकडून दरमहा मिळणारा) भत्ता घटतो. शिवाय महिन्याच्या सुरुवातीला त्याच्या नावावर २,००० डॉलरहून जास्त शिल्लक असली, तर त्या महिन्याचा भत्ताच जातो. दुकानदाराला, थेरपिस्टला थेट पैसे द्या, पावत्या जपा. ट्रस्टमधून घरभाडं भरल्यासही भत्ता कमी होऊ शकतो. किराणा मात्र ३० सप्टेंबर २०२४ पासून हिशोबात धरत नाहीत.

लाभार्थीच्या पश्चात ट्रस्टमध्ये उरलेली रक्कम ज्या भावाला मिळणार, तोच एकटा ट्रस्टी असेल (कितीही प्रेमळ असो), तर खर्चात हात आखडतो. सोबत त्रयस्थ सहट्रस्टी नेमणं बरं.