चेसचे चार ट्रम्पेट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्रास रॉकवरचा, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं घेऊन वाजवल्या जाणाऱ्या रॉक संगीतावरचा, लेख वाचला. ‘शिकागो’ आणि ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ या बँडना अर्धं पान, आणि ‘चेस’ या अमेरिकी बँडची बोळवण दोन वाक्यांत. तीही धड नाहीत! म्हणे त्यांनी टी. रेक्स या ब्रिटिश बँडचं ‘गेट इट ऑन’ गायलं. अहो, नाव तेवढं सारखं, गाणी साफ वेगळी. चेसचं गाणं १९७१ साली ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २४व्या क्रमांकापर्यंत चढलं होतं, म्हणून टी. रेक्सलाच अमेरिकेत आपल्या गाण्याचं ‘बँग अ गाँग’ असं नव्याने बारसं करावं लागलं.

दुसऱ्या वाक्यात ‘चेसचे सॅक्सोफोन’. कुठले? ना सॅक्सोफोन, ना ट्रॉम्बोन. चार ट्रम्पेट, बस्स. वुडी हर्मनच्या जॅझ बँडमध्ये लीड ट्रम्पेट वाजवलेल्या बिल चेसने हे सगळं त्या चौघांच्या जोरावर उभं केलं होतं.

लेखकमहाशयांनी बहुधा माझी कॅसेट ऐकली असावी. मेहुण्याने अमेरिकेहून आणलेली चेसची पहिली एलपी मी एका दुकानात कॅसेट भरायला दिली होती. त्या गृहस्थाने ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचे आवाज, पार खाली आणून भरली. का, तर “साहेब, आवाज फाटत होता, नीट करून दिलाय.” फाटत नव्हता हो, चार माणसं टिपेला वाजवत होती! त्यात ‘इन्व्हिटेशन टु अ रिव्हर’ ही चौदा मिनिटांची रचना. कॅसेटची बाजू संपली तिथे तोडली, आणि हा पालटेपर्यंत एलपी आपली फिरतच राहिली. मधला तुकडा गायब. पैसे मात्र पुरते मोजून घेतले. एलपीवर ओरखडा फुकट.

९ ऑगस्ट १९७४ ला मिनेसोटातल्या जॅक्सनच्या जत्रेत कार्यक्रमाला निघालेलं विमान कोसळलं. त्यात बिल चेस गेला, त्याचे तीन साथीदारही गेले. तो अवघा ३९ वर्षांचा होता. एवढं छापायला जागा नव्हती. गायकांच्या केशभूषेला मात्र चौकट!

जाता जाता : त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात उभे ११ साठी चार घरं आहेत आणि तुमच्या उत्तरात अक्षरं पाच. हे तरी कोणी तपासतं का?

आपला,
एक जुना वर्गणीदार, ठाणे