माखाची शर्यत

सांगली, १२ जानेवारी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

डोहाळजेवणाच्या दिवशी डब्लिनच्या मोठ्या पोस्टातला तो फोटो पाठवलास आणि माझ्या डोक्यात भुंगा सोडलास. पुतळाच तो: दगडाला स्वतःला बांधून घेऊन उभ्या उभ्या मेलेला आयरिश दंतकथांतला तरणाबांड वीर कू हुलिन आणि त्याच्या खांद्यावर कावळा. तू लिहिलंस, हा कावळा म्हणजे त्यांची युद्धदेवी, मॉरिगन. मला आधी आठवला तो आपला पिंडाला शिवणारा कावळा. वाचत गेले तर तसंच निघालं! तो मेलाय याची शत्रूला खात्री पटेना, जवळ जायची कुणाची छाती होईना. खांद्यावर कावळा बसला तेव्हा कुठे पुढे सरकले.

'युद्धाची देवी' म्हणून लोक मोकळे होतात. पण हीच बाई आधी त्याच्यावर भाळून आली होती. त्याने झिडकारलं तशी ईल मासा, लांडगी आणि गाय होऊन त्याला नडली, जखमी झाली, मग म्हातारीच्या रूपात तीन सडांच्या गाईचं दूध पाजून त्याच्याच तोंडून आशीर्वाद काढून घेऊन बरी झाली. एवढ्या उचापती करणारीला एकच खातं कसं द्यायचं? त्यांच्या दुसऱ्या देवीचं, ब्रिजिडचंही तेच. कविता, औषधपाणी, लोहारकाम, तिन्ही तिच्याकडे. शिवाय मुलगा मारला गेला तेव्हा आयर्लंडमधला पहिला हंबरडा तिनेच फोडला म्हणतात. २०२३पासून तुम्हाला फेब्रुवारीत सुट्टी मिळते ती संत ब्रिजिडची. त्यात देवी किती आणि संत किती, यावर पंडित अजून भांडतायत. तिसरी देवी बोअन म्हणजे बॉइन नदी. नावाचा अर्थ पांढरी गाय, जुनं रूप 'बोविंडा', त्यातला 'बो' आपल्या 'गो'चा सख्खा. मी लगेच गोविंदापर्यंत पोचले होते, पण तिथे 'विंदा' म्हणजे पांढरी. गप्प बसले.

मला छळत होता दुसराच प्रश्न. शेजारची राणी मेव्ह एका बैलासाठी कू हुलिनच्या मुलखावर, अल्स्टरवर चालून आली तेव्हा हा सतरा वर्षांचा पोर एकटा का लढला? बाकीचे मर्द कुठे होते?

अगं, ते अंथरुणात कळा देत होते!

त्याचं कारण जुनं. अल्स्टरमधल्या क्रुनिउक नावाच्या विधुर शेतकऱ्याच्या घरात एक दिवस एक बाई शिरली. ना नाव सांगितलं, ना गाव. सरळ चुलीपाशी गेली, पीठ मळायला घेतलं, रात्री त्याच्या शेजारी निजली. घराला बरकत आली, तिला दिवस गेले. तो जत्रेला निघाला तेव्हा तिने बजावलं, माझ्याबद्दल चकार शब्द काढू नकोस. तिथे राजाचे घोडे जिंकले आणि हा बोलून गेला, माझी बायको यांच्यापेक्षा जोरात धावते. राजाने त्याला धरून ठेवलं, तिला बोलावणं धाडलं. ती आली ती कळा सुरू असताना. म्हणाली, बाळ होईपर्यंत थांबा. नाही म्हणाले. जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाली, तुम्हालाही कुणा आईनेच जन्म दिलाय ना? कुणी हललं नाही. मग नाव सांगितलं, माखा. धावली, रथाच्या आधी पोचली आणि तिथेच बाळंत झाली. जुळं, एक मुलगा, एक मुलगी. शाप दिला: संकटाच्या ऐन वेळी या मुलखातल्या पुरुषांना पाच दिवस आणि चार रात्री बाळंतिणीसारखं बळ उरणार नाही, नऊ पिढ्या. त्या जागेला अजून 'माखाची जुळी' म्हणतात, आर्मा शहराशेजारी.

मला यात सगळ्यात जिवाला लागते ती तिची विनंती. आधी तिने नुसता वेळ मागितला होता.

परवा व्हिडिओ कॉलवर जावईबापू म्हणाले, "आई, सातव्या महिन्यातसुद्धा टीममध्ये हिचंच काम सगळ्यांच्या आधी!" कौतुकानेच म्हणाले, कळतं मला. क्रुनिउकही कौतुकानेच बोलला होता. त्यांना ही गोष्ट सांग, जेवताना सांग. आणि घरून काम आहे, कॅमेऱ्यात पोट दिसत नाही, म्हणून तू मॅनेजरला अजून कळवलं नाहीस, हे मला पटलेलं नाही. सोमवारी सांगून टाक.

अळीव आणि डिंक घेऊन ठेवलाय. खारीक इथूनच कुटून आणू का तुझ्या मिक्सरवर होईल, ते कळव.

तुझी,
आई