वही घ्यायला ये

लालबाग, रविवार रात्र

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, आपल्या रक्तदान मंडळाचं अध्यक्षपद घेऊ का गं?" आणि मी काही बोलायच्या आत तुझी गाडी कुर्ल्याच्या पुढे गेली, आवाज तुटला. नंतर तुझा फोन आला तेव्हा पिल्लू रडत होतं. म्हणून लिहायलाच बसले.

घे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मनात धाकधूक नको.

भाषण येत नाही म्हणालीस. तुझ्या बाबांना तरी कुठे येत होतं? माईक हातात आला की ते दोन वाक्यं बोलून खाली बसायचे. पण आपलं मंडळ उभं राहिलं ते त्यांच्यासारख्यांमुळेच. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं देशभर बंद झालं, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. त्याआधी रक्तपेढीच्या फाटकाबाहेर तीच ती माणसं बसलेली असायची. दंडावर सुयांचे व्रण, डोळे ओढलेले, नाव बदलून महिन्यातून दोनदा रक्त विकायला येणारी. ते थांबलं ते फार चांगलं झालं. पण मग पिशव्या कुठून यायच्या? मी रोज रक्तपेढीतल्या ड्युटीवरून येऊन हेच घरी बोलायचे. एके दिवशी बाबांनी चाळीतले सहा-सात जण गोळा केले, त्यातले दोघे गिरणी बंद पडल्यापासून घरीच होते, आणि पटांगणात पहिलं शिबिर घेतलं. तू तेव्हा दहा वर्षांची. पार्ले-जीचे पुडे फोडून बशीत लावायचं काम तुझ्याकडे होतं आणि तू कुणाला हात लावू देत नव्हतीस. ही तुझी सवय पुढे येणार आहे, लक्षात ठेव.

अध्यक्ष झालीस की पहिल्याच सभेत तुला कोणीतरी म्हणेल, यंदा मोठं करू या, पाचशे पिशव्यांचं, विक्रमी. बॅनर, मंडप, पाहुणे. त्या वेळी तुला ठाम राहायचं आहे, आणि का, ते मी रक्तपेढीत इतकी वर्षं काढली म्हणून सांगते.

११ जुलै २००६ ची रात्र आठव. संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत एकापाठोपाठ सात स्फोट झाले. मी त्या रात्री ड्युटीवर होते. रक्त द्यायला आलेल्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती. कोण होते, कुठून आले, कोणी विचारलं नाही. ती रांग पाहून मला भरून आलं होतं, आजही येतं. पण सोनू, घेतलेली पिशवी तशीच वॉर्डात नेता येत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया, एवढ्या तपासण्या झाल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. त्या रात्री पहिल्या तासांत जखमींना जे रक्त चढलं, ते आधीच फ्रीजमध्ये होतं. जूनच्या शेवटी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, कुठल्यातरी साध्या दिवशी, कसलंही निमित्त नसताना कोणीतरी येऊन देऊन गेलेलं. त्या माणसांना हे कधी कळलंही नसेल.

अख्खं रक्त आपल्या नेहमीच्या पिशवीत ३५ दिवस टिकतं. प्लेटलेट ५ दिवस, आणि त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात. आता आपल्याकडच्या शिबिरांच्या तारखा बघ: २६ जानेवारी, १४ एप्रिल, १ मे, १५ ऑगस्ट, आणि मधे मधे पुढाऱ्यांचे वाढदिवस. एकाच दिवशी शहरभर मंडप पडतात आणि फ्रीजमध्ये जागा उरत नाही. मे अर्धा सरला की कॉलेजं बंद, निम्मी चाळ कोकणात, तेव्हा ऑपरेशनं पुढे ढकलायची पाळी येते. दिवाळीत तेच. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की प्लेटलेटसाठी नातेवाईक दारोदार. मुदत संपलेल्या पिशव्या नष्ट करायला न्यायच्या दिवशी मी त्या ट्रेकडे बघायचं टाळायचे. प्रत्येक पिशवीमागे एक माणूस दहा मिनिटं हात पुढे करून पडलेला असतो गं.

म्हणून मला विचारशील तर दीडशे पिशव्यांचं एक शिबिर नको, तीस-तीसची पाच घे, वर्षभर पसरून. पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने थांबावं लागतं, तेव्हा तेच दाते दर वेळी चालणार नाहीत. यादी गल्लीगल्लीने वाटून घे. एक मेच्या मध्यात आणि एक दिवाळीच्या आठवड्यात, काही झालं तरी. लोक म्हणतील, बाईंनी कार्यक्रम लहान केला. म्हणू देत. वर्तमानपत्रात फोटो येणार नाही, ही गोष्ट आपल्या काही ज्येष्ठांना खरोखर लागेल, त्यांच्याशी मात्र घरी जाऊन, चहा घेत बोल. सभेत त्यांना तोंडावर पाडू नकोस.

शिबिराच्या दिवशी तू कुठे उभी राहायचं, तेही सांगते. दारातून आत आलं की पहिलं टेबल असतं ना, निळ्या पाण्याच्या बाटलीचं? मोरचुदाचं पाणी. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब त्यात सोडतात. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल तर थेंब लाल मण्यासारखा सरळ तळाला जातो. कमी असेल तर मधेच घुटमळतो, वर राहतो. बाया-मुलींचा किती वेळा वर राहतो, हे मी आयुष्यभर पाहिलं. एकदा साड्यांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आली होती, मालकाकडून तासाची सुट्टी मागून. थेंब तरंगला. टेबलावरचा मुलगा "चालणार नाही, नेक्स्ट" म्हणून मोकळा झाला. ती ओढणीने बोट दाबत जिन्यावर जाऊन बसली. मी मागून गेले, तिला चहा दिला, डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या लिहून घेतल्या, तीन महिन्यांनी ये म्हटलं. ती आली. पुढे कित्येक वर्षं येत राहिली. पाहुण्यांच्या स्वागताला दुसरं कोणीही उभं राहील. तू त्या निळ्या बाटलीपाशी राहा.

आता जे सांगायला मी हे पत्र लिहायला घेतलं, ते.

माझी ती लांबट वही तुला माहीत आहे, निळ्या पुठ्ठ्याची. आपल्या सगळ्या दात्यांचे रक्तगट, फोन, शेवटचं रक्त दिल्याची तारीख. त्यात एक नाव मी लाल शाईने लिहिलेलं आहे. बॉम्बे ब्लड ग्रुपचा दाता. हा गट डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईतच शोधला, म्हणून त्याला आपल्या शहराचं नाव. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा. वरवरच्या तपासणीत तो ओ वाटतो, पण ओ गटाचं रक्तही त्याला चालत नाही. त्याला फक्त बॉम्बेच लागतं.

मोठ्या मामाच्या बाराव्याला मी गावी गेले होते, चिपळूणच्या पुढे, तुला आठवत असेल. वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. त्याच दिवशी इथे एका बाईच्या ऑपरेशनसाठी बॉम्बे ग्रुप हवा होता. आपल्याकडे असा दाता आहे हे मंडळात सगळ्यांना माहीत, पण त्याचा नंबर मी कुणालाच दिलेला नव्हता. वाटायचं, भलत्या वेळी कोणीतरी त्याला त्रास देईल, मीच नीट सांभाळते. गावात रेंज नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एसटी स्टँडवर आले तेव्हा फोनवर तेवीस मिस्ड कॉल. मी तिथूनच त्या दात्याला फोन लावला. तो भांडुपहून दोन तासांत पोचला, जेवणाचं ताट सोडून. ऑपरेशन दीड दिवस लांबलं. बाई वाचली. मी परत आल्यावर तिच्या नवऱ्याने माझ्यापुढे हात जोडले आणि मला कुठे बघावं ते कळेना.

हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. बाबांजवळसुद्धा नाही. त्या दीड दिवसात काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं. मी मेहनत करत नव्हते असं नाही, उलट सगळं मीच करत होते.

आणि तू माझीच मुलगी आहेस. मागच्या शिबिरात मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बघत होते. दात्यांना फोन तू केलेस, गाद्या तू मोजल्यास, चहावाल्याशी तू भांडलीस, शेवटी झाडूही तूच घेतलास. ती नवीन दोन पोरं, तो इंजिनीअरिंगचा मुलगा आणि नर्सिंगवाली मुलगी, दिवसभर भिंतीला टेकून फोन बघत होती. ती आळशी नाहीत, तू त्यांना काही उरू दिलं नाहीस. अध्यक्ष म्हणून तुझा हात आखडायचा आहे, हे तुला सगळ्यांत जड जाईल. त्यांच्याकडे मेचं शिबिर पूर्ण सोपव. चुकतील. केळी कमी पडतील, बॅनरवर तारीख चुकेल. तू गप्प राहायचं आणि संध्याकाळी एकत्र बसून बोलायचं. तीन वर्षांनी तुझी मुदत संपेल तेव्हा त्यातलं कोणीतरी तयार असलं पाहिजे.

बाकी कागदांचं थोडक्यात. निवड झाली की ९० दिवसांच्या आत वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, दाखल कर. आमच्याकडून दोन वेळा तो राहिला होता आणि मग बँकेत सह्या बदलताना फार धावपळ झाली. चेकवर दोन सह्या, आणि खजिनदार कितीही घरचा असला तरी पावतीशिवाय रुपया घ्यायचा नाही. दोन हजारांच्या वरची देणगी रोखीने घेतली तर देणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे त्यांना आधीच सांग, नंतर वाईटपणा येतो.

पिल्लूचं म्हणशील तर सभेच्या दिवशी त्याला माझ्याकडे सोड, रात्री इथेच झोपेल. जावईबापूंशीही नीट बोल. "मदत करेन" एवढ्यावर थांबू नकोस, महिन्याचे दोन शनिवार घर त्यांचं, असं ठरवून घे.

येत्या रविवारी सकाळी ये. वही कपाटातून काढून ठेवते. त्या दोघा पोरांनाही बरोबर आण. लाल शाईच्या नावाला मी परवाच फोन केला, नंबर तुम्हा तिघांना देऊ का विचारलं. तो म्हणाला, "मावशी, मला वाटलं केव्हाच दिला असेल." बाकीच्यांनाही एकेक फोन करून विचारायचं आहे, ते काम आपण चौघं मिळून करू. दोनशे चौदा नावं आहेत. मी थालीपीठं करते.

तुझी,
आई